सित्से होकस्त्राचं नाव

३ सप्टेंबर

"तुझ्याकडे गुपित सुरक्षित राहील, तुला बोलायलाच उशिरा सुचतं," असं बाबा एकदा म्हणाले होते. मी तेव्हा नऊ वर्षांची असेन. आज जलमंडळाच्या कचेरीत नव्या खुर्चीत बसताना ते आठवलं आणि हसू आलं. त्रेचाळिसाव्या वर्षी मला त्याच गुणाचा पगार मिळणार आहे. कचेरीत कुणाला काही गैर दिसलं, तर त्यानं निर्धास्तपणे माझ्याकडे येऊन सांगायचं आणि मी त्याचं नाव पोटात ठेवायचं. प्रत्येक सरकारी कचेरीत असा एक माणूस हवाच, असा कायदा आहे.

खोली तिन्ही बाजूंनी काचेची. समोर समुद्रबांध, त्यावर चरणाऱ्या मेंढ्या, बांधातले सात लोखंडी दरवाजे. त्यांची देखभाल सित्से होकस्त्रा करतो. आज त्याचा वाढदिवस, म्हणून सफरचंदाचा केक त्यानंच घरून करून आणला होता. इथल्या रीतीप्रमाणे सगळ्यांनी सगळ्यांचं अभिनंदन केलं. मलाही सहा जणांनी हात मिळवून शुभेच्छा दिल्या, जणू मीच त्याला जन्म दिला. वाढदिवसांचं कॅलेंडर आमच्याकडे संडासात टांगलेलं असतं; त्यावर आमची प्रमुख फ्राउके हिनं माझं नाव लिहिलं आणि म्हणाली, वीप्के, आता तू आमची.

१२ सप्टेंबर

सित्से आला. टोपी मांडीवर ठेवून बसला. मग म्हणाला की दरवाजे चालवणाऱ्या यंत्रणेला नऊ वर्षं एकच पासवर्ड आहे, मंडळाचं नाव आणि साल. जगात कुठूनही, कुणीही आत शिरू शकतं. त्यानं तीनदा लिहून कळवलं, तिन्ही वेळा बघू म्हणाले. माझा विश्वास बसेना, तेव्हा त्यानं खिशातला फोन काढला. काचेपलीकडचा तिसरा दरवाजा बोटभर वर गेला आणि परत खाली आला.

बांधामागची अकरा गावं समुद्राच्या पातळीखाली आहेत. माझ्या बहिणीचं घर त्यातल्याच एका गावात.

नोकरीची दोन वर्षं उरलीत, माझं नाव तेवढं बाहेर येऊ देऊ नकोस पोरी, असं तो म्हणाला. कायदा तुमच्या पाठीशी आहे, असं मी सांगितलं. तो गेल्यावर पुढची भेट संगणकावरच्या वेळापत्रकात लिहिली: 'सित्से ह., दरवाज्यांचा पासवर्ड.'

१९ सप्टेंबर

कॉफीबरोबर डब्यातलं एकेक बिस्किट फिरत होतं. फ्राउके हसत म्हणाली, सित्सेला दर शरदात पूर दिसतो, तुलाही दाखवला वाटतं. तुला कसं कळलं, मी विचारलं. तुझ्या वेळापत्रकात आहे की, म्हणाली.

आमच्याकडे प्रत्येकाचं वेळापत्रक सगळ्यांना उघडं असतं. कुलूप लावता येतं, पण लावत कुणी नाही. लावलं तर माणसं म्हणतात, हिचं काय लपवण्यासारखं आहे? मीही लावलं नव्हतं. याच कामासाठी मला बसवलं, आणि मला ते सुचलंही नाही.

सित्सेला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.

४ ऑक्टोबर

सित्सेचं ओळखपत्र फाटकावर चालेना. परवानगीशिवाय दरवाजा हलवल्याची नोंद यंत्रणेत सापडली, म्हणून त्याची चौकशी आहे. पासवर्ड तोच आहे.

तक्रारदारांना संरक्षण देणाऱ्या सरकारी कार्यालयाला मी लिहिलं. उत्तर नम्र होतं. तक्रार खरी ठरल्यावरच संरक्षण लागू होतं, आणि ती खरी आहे का ते जलमंडळानंच तपासायचं आहे.

११ ऑक्टोबर

संडासातल्या कॅलेंडरवर सित्सेची, ३ सप्टेंबरची ओळ रिकामी आहे. खोडल्याची खूण नाही. बोट फिरवून पाहिलं, कागद गुळगुळीत.

फ्राउकेला विचारलं, मी आले त्या दिवशी केक कुणी आणला होता? ती म्हणाली, मीच, तुझ्यासाठी. मग खांद्यावर हात ठेवून, अगदी मायेनं, झोप लागते ना तुला, असं विचारलं.

१६ ऑक्टोबर

भर दुपारी सित्सेच्या घरी गेले. खिडकीला पडदा नाही, आत एक कुटुंब जेवत होतं. बाई दारात आली. आम्ही इथं बारा वर्षं राहतो, म्हणाली. होकस्त्रा? नाही बाई, ऐकलं नाही.

वळले तर तो रस्त्यापलीकडे उभा. टोपी हातात. सायकलवाल्या मुली त्याच्या इतक्या जवळून गेल्या की — एकीनंही घंटी वाजवली नाही.

"ते माझ्या टेबलावर जेवतायत," तो म्हणाला. "मी ओरडलो, कुणी मान वर केली नाही. रागावत नाही पोरी, खरंच. नाव कुणी फोडलं, तेवढं सांग. कळलं तर मला धरायला काहीतरी होईल."

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

त्यानं मान हलवली. मग तिथं रस्ता होता. नुसता रस्ता.

१९ ऑक्टोबर

पगाराच्या यादीत त्याचं नाव नाही. टेलिफोनच्या यादीत नाही. माझ्या वेळापत्रकात त्याच्या भेटीच्या जागी 'मोकळा वेळ' — नोंद माझ्याच नावानं.

तिसरा दरवाजा बोटभर वर आहे. इथून दिसतो. तिकडे कुणी बघत नाही. तो असता तर —

२१ ऑक्टोबर

तक्रार मी केली. स्वतःच्या नावानं. पासवर्ड, दरवाजा, सगळं. फ्राउकेनं वाचली. छान केलंस, म्हणाली.

बहिणीला फोन केला. निघ तिथून म्हटलं. तिनं विचारलं, कोण बोलतंय?

२३ ऑक्टोबर

फाटक उघडलं नाही. पाहुण्यांच्या वहीत लिहा, म्हणाले. लिहिलं. शाई — कागदावर शाई दिसेना.

दरवाजा हातभर वर. मेंढ्यांच्या पायाशी पाणी.

२४ ऑक्टोबर

सित्से, बांधावर उभे आहात. पाठ माझ्याकडे. मला आता फक्त तुम्हीच दिसता.

नाव मी फोडलं. मीच. त्या दिवशी माहीत होतं. म्हणाले असते तर तुम्हाला धरायला — लाज वाटली, म्हणून म्हणाले नाही. एवढ्याशा लाजेसाठी.

माफी मागत नाही. दुसरंच मागते, आणि नाही म्हणाल हे ठाऊक आहे. तुम्ही नाहीच म्हणायला हवं. तरी मागते. इकडे वळा, आणि एकदाच, मोठ्यानं, मला माझ्या नावानं हाक मारा. मला ते आता नीट — मी —