शिवरात्रीची भगर

माय, तुझा लेक आणि सून आठ दिवसांत परदेश कोळून पिऊन आलेत. काल क्रांती चौकातल्या त्यांच्या फ्लॅटवर आम्हाला बोलावलं होतं, टीव्हीवर फोटो बघायला. फोटो कमी, निकालच जास्त. "तिकडं घरी कुणी सैपाकच करत नाय. पाव आणायचा, चीज लावायचं, संपलं," वहिनी म्हणाली. हे तिला कुठून कळलं? सहलीबरोबर आपला मराठी आचारी होता, दोघं रोज पिठलं-भात खात होते, तिथल्या कुणाच्या घराचा उंबरा ओलांडला नाही. मी दात आवळून ऐकत होते, कारण शेजारी माझी लेक बसलेली. पुढच्या आठवड्यात ती नर्सच्या नोकरीसाठी जर्मनीला चाललीय, एकटी. वहिनी तिच्याकडेच वळली. "तू चाललीस त्याच गावात थांबली होती आमची बस. रस्त्यावर काळं कुत्रं नाय, दुकानं बंद. लई तुटक लोकं. मेलं तरी कुणी विचारायचं नाय तुला." पोरीचा चेहरा उतरला. "वार कोणता होता, वहिनी?" मी शेवटी विचारलं. "रविवार. पण त्याचं काय?" त्याचं काय! रविवारी तिकडं दुकानं बंदच असतात, हे पोरीच्या जर्मनच्या क्लासात पहिल्याच महिन्यात शिकवलंय. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

तेव्हा तुझी ती शिवरात्र आठवली. मी शाळेत होते. लोणारला निघालेल्या गोऱ्या जोडप्याची गाडी शेंद्र्याला आपल्या घरासमोर पंक्चर होते, ड्रायव्हर चाक खोलून बसतो, आणि तू त्या दोघांना थेट चुलीपाशी आणून बसवतेस. घरात सगळ्यांचा उपवास, म्हणून भगर आणि शेंगदाण्याची आमटी. दोघं बोटं चाटून खातात. ड्रायव्हर दारातून विचारतो, "अम्मा, ये पूछ रैं, इंडिया में सब लोगां रोज येहीच खाते क्या?" मी सांगायला तोंड उघडते, तर तू माझ्यावरच डोळे वटारतेस, "गप बस. जेवू दे त्यांला." ती दोघं गेल्यावर मात्र तूच संध्याकाळपर्यंत चरफडत होतीस. "येवढ्या लांबून आली अन् उपासाचं खाऊन गेली. आता गावभर सांगतील, इथल्या बायांला भगरीबिगर काय येत नाय. उद्या आली असती तर येसरची आमटी केली असती की!" लग्नाकार्यात तुझ्या त्या आमटीसाठी लोक वाट्या पुढे करायचे, आणि त्या बाईच्या हिशेबी तुला भगरीपलीकडे काही येत नव्हतं. मला हसू येत होतं, तुला राग.

काल परतताना स्कूटीवर मागून लेकीनं विचारलं, "आई, खरंच कुणी बोलणार नाही का गं माझ्याशी?" सिग्नलला थांबून मी तिला तुझी भगर सांगितली. ती इतकी हसली की बाजूचा रिक्षावाला वळून बघायला लागला. आज बॅग भरतेय. येसर मसाल्याचा डबा मी स्वतः कपड्यांत गुंडाळून ठेवलाय. भगरही मागत होती, ती दिली नाही.

हे दुसऱ्या कुणाला सांगता यायचं नाही, म्हणून तुला सांगते. वार विचारायला मी जरा उशीर केला. वहिनी पोरीला घाबरवत होती आणि मी गप्प होते, कारण घटकाभर मला वाटलं, घाबरू दे, राहील इथंच.