पिंताच्या शेंगा

२ नोव्हेंबर
आज मृतांचा दिवस, कब्रस्तानात जाऊन आलो. बायकोच्या, हिलारियाच्या थडग्यावर झेंडू वाहिला, पाव ठेवला. तिला सांगितलं — तुझी पिंता बकरी पुन्हा गाभण आहे. सून ओब्दुलियाने बाजूला एक लहानसा पाव ठेवला. दोन वर्षांपूर्वी तिच्या पोटातच गेलेल्या बाळासाठी.
गेल्या साली पिंताचीही दोन्ही करडं मेलेली पडली. या खेपेला तसंच झालं तर फिदेन्सियो तिला खाटकाला देणार. पोरगा माझाच, पण जीभ म्हणजे सुरी! "आप्पा, बकरी आहे ती. आई नाही."
खरं आहे. तरी.

४ नोव्हेंबर
निवडुंगाच्या फड्या जाळावर धरून काटे जाळले, चिरल्या. वर मेस्कीतच्या झाडाच्या गोड शेंगांचं भरड, हिलारिया पाट्यावर करायची तसं. सबंध शेंगा द्यायच्या नाहीत, पोटात गोळा होतो. पिंताने घमेलं चाटून पुसून ठेवलं. बरं वाटलं.
पण भरड फार बारीक तर झालं नसेल?

९ नोव्हेंबर
गोठ्यातला शेंगांचा डबा बराच रिकामा झालाय! उन्हाळ्यात वेचलेल्या शेंगा, पिंता विईपर्यंत पुरायला हव्यात. डोंगरावर आता हिरवं काही नाही. आमच्या गाढवानेच खाल्ल्या असणार, त्याला शिव्या घातल्या.

१० नोव्हेंबर
डबा आणखी रिकामा. झाकण मात्र घट्ट. गाढव झाकण परत लावत नाही.

१३ नोव्हेंबर
शेजारी एलीजियोकडे गेलो. फिदेन्सियोच्या बाप्तिस्म्यातला धर्मपिता तो, म्हणून आडून आडूनच विचारलं, तुझ्या बकऱ्या आमच्याकडे येतात का?
"म्हाताऱ्या, माझी बकरी झाकण उघडायला शिकली तर मी तिला सर्कशीत घालीन! तूच खातोस नि विसरतोस."
निघताना पाटीभर शेंगा दिल्या. वर टोमणा — "या मोजून खा."
हसलो. पण घरी येईपर्यंत तेच डोक्यात. खरंच मीच खातो की काय? दात तर चारच उरलेत.

१८ नोव्हेंबर
ओब्दुलिया माझ्यावर रागावलीय. सकाळी कॉफी उकळली की माझ्यापुढे पेला आपटते आणि अंगणात पळते. स्वतः घोटभर घेत नाही. फड्यांच्या धुराने तिचे वाळत घातलेले कपडे काळे झाले, त्याचाच राग असणार. जाळ कुंपणापलीकडे नेला.
"धूर चालतो हो, आप्पा," म्हणाली.
मग काय चालत नाही?

२२ नोव्हेंबर
पिंताची कास भरली. फिदेन्सियो बघून गेला. हे चांगलं की वाईट?

२७ नोव्हेंबर
व्याली! दोन! दोन्ही जिवंत!
पहिलं पडलं ते हललंच नाही. फिदेन्सियोने अंगातला सदरा काढून त्याला खसाखसा पुसलं, तसं ते शिंकलं. मग दोघंही धडपडत उभी राहिली आणि आईला ढुशा द्यायला लागली. वारही वेळेवर पडली.
"राहू दे म्हातारीला," फिदेन्सियो म्हणाला. म्हणजे खाटकाचं टळलं. मक्याच्या जाड भाकऱ्या, गॉर्दिता, जास्तच खाल्ल्या आज.

३० नोव्हेंबर
दूध यायला शेंगा हव्याच, म्हणून दुपारी गोठ्यात गेलो. डब्यापाशी ओब्दुलिया! शेंग चोखत बसलेली. मला बघून हात पाठीमागे.
"आप्पा, दुसरं काही पोटात ठरतच नाही. कॉफीचा तर वाससुद्धा... यांना नका सांगू एवढ्यात. मागल्या वेळी सगळ्या गावाला सांगितलं, आणि—"
मी खाली बसलो. किडक्या बाजूला काढून चांगल्या टपोऱ्या शेंगा तिच्या ओच्यात घातल्या. पिंताला म्हटलं, बाई गं, तू आता विकतच्या लसूणघासावर भागव.