अर्ध्या तासाचा निबंध

दि. ३ डिसेंबर

चि. खारूस अनेक आशीर्वाद.

तुझे तिन्ही निबंध मिळाले. तपासून परत पाठवते आहे. लाल शाई पाहून लगेच डोळ्यांत पाणी आणू नकोस. जन्मभर वर्गात हेच केलं, आता निवृत्त झाले म्हणून एका भाचीसाठी मऊ कशी होऊ?

तुझी अडचण भाषेची नाही, सुरुवातीची आहे. पहिला परिच्छेद तू तीनदा लिहितेस, दोनदा खोडतेस, आणि शेवटाला वेळ उरत नाही म्हणून ‘असा होता तो दिवस’ म्हणून मोकळी होतेस. असा म्हणजे कसा? परीक्षकाने ओळखायचं? विषय वाचलास की समासात चार मुद्दे टिप, शेवट काय करायचा ते आधी ठरव, आणि मग मागे न बघता लिही. पहाटेचा सूर्य आणि पक्ष्यांचा किलबिलाट यांना सुट्टी दे. ते बिचारे दरवर्षी हजारो उत्तरपत्रिकांत राबतात.

अर्धा तास कमी पडतो, ही तक्रार मला पुन्हा कळवू नकोस. ज्याच्याकडे सांगण्यासारखं आहे त्याला अर्धा तास भरपूर होतो. बाकी सगळा आळस. दुसऱ्या निबंधाखाली मी तोच शेरा मारला आहे.

तुझ्या बाबांना सांग, इस्त्रीच्या दुकानातल्या वाफेतून एकदम बाहेरच्या गारठ्यात जात जाऊ नकोस म्हणावं.

माया आहे, पण ती शाईला लागू नाही.

आत्या


दि. १२ डिसेंबर

ती. आत्यास सा. न. वि. वि.

निबंध मिळाले. डोळ्यांत पाणी आलं नाही. आलं ते सर्दीचं होतं, असं आई म्हणते. ‘आळस’ हा शेरा बाबांनीही वाचला. हातातली इस्त्री उभी करून म्हणाले, अक्काने हा मला लहानपणीच देऊन ठेवलाय, आता तो घराण्यात चालत आला असं समज.

आत्या, रागावणार नसशील तर एक विचारते. तू एकदा लिहून दाखवशील का? ‘सुट्टीच्या दिवशीची शाळा’ हा विषय गेल्या वर्षी आला होता. घड्याळ लावून, अर्ध्या तासात. तेवढ्यात नेमकं किती होतं आणि कसं होतं, ते मला बघायचं आहे. आमच्या बाई तुझ्या विद्यार्थिनी. त्या सांगतात, तू फळ्यावर लिहायला लागलीस की हात थांबायचा नाही. बाबा म्हणाले, डॉक्टरला त्याचंच औषध प्यायला सांगू नये. पण मी सांगते आहे.

जास्त बोलले असेन तर लोभातून वजा कर, थोडा शिल्लक ठेव.

खारू


दि. २२ डिसेंबर

चि. खारूस अनेक आशीर्वाद.

औषध प्यायले. उशीर झाला, कारण मध्ये सर्दीने गाठलं. निबंध सोबत आहे.

घड्याळ समोर ठेवलं, विषय लिहिला आणि बसले. वेळेच्या आत झाला. उरल्या वेळात पेलाभर पाणी प्यायले आणि एकदा वाचून काढला. खाडाखोड शोधू नकोस, सापडायची नाही. पहिलं वाक्य बघ. ते शाळेबद्दल नाही, शिपायाच्या खिशातल्या किल्ल्यांबद्दल आहे. सुरुवात अशी करतात. यात जादू काही नाही, शिस्त लागते एवढंच.

बाईंना दाखवायचा तर खुशाल दाखव. त्यांनाही जुनी आठवण होईल.

उत्तराबरोबर तुझा नवा निबंध आला तरच लोभ खरा मानीन.

आत्या


दि. ३ जानेवारी

ती. आत्यास सा. न. वि. वि.

निबंध मिळाला. फारच चांगला आहे. बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला आणि म्हणाल्या, हे अर्ध्या तासातलं आहे, नीट ऐका. मी तो माझ्या टेबलाच्या काचेखाली ठेवला आहे.

सध्या बाकीच्या विषयांचा अभ्यास जास्त आहे. म्हणून नवा निबंध पाठवत नाही. घरी सर्व ठीक. कळावे.

खारू


दि. २४ जानेवारी

ती. अक्कास सा. न. वि. वि.

पत्र मी लिहितोय म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे तू ओळखलं असशील. खारूने सराव परीक्षेत निबंधाचं पान कोरं सोडलं. बाईंनी मला दुकानातून बोलावून घेतलं आणि पान समोर ठेवलं. वर विषय, खाली काही नाही.

पोरीला विचारलं, तर म्हणते, आत्याला अर्ध्या तासात तसं जमतं, मला दीड तासातही जमत नाही, मग कागद कशाला काळा करायचा? काही माणसांकडे सांगण्यासारखं असतं, काहींकडे नसतं. हे अगदी शांतपणे म्हणाली. रडली असती तर समजूत घातली असती. वार्षिक परीक्षेतही निबंध सोडणार म्हणते. तेवढे गुण गेले तर तिला हवी ती शाखा मिळायची नाही, हे तुला मी काय सांगायचं! परवा दुकानात कपड्यांना चिठ्ठ्या टाचत बसली आणि म्हणाली, हे मला जमतं.

तू तिला एक खरमरीत पत्र लिही. तुझं ती ऐकते. माझं कोण ऐकतंय, इस्त्रीसुद्धा आपल्या मर्जीने तापते.

आहेस तशीच आमच्या पाठीशी राहा.

तुझा भाऊ


दि. ३० जानेवारी

चि. खारूस आशीर्वाद.

खरमरीत पत्र लिही, असं तुझ्या बाबांनी सांगितलं. लिहिते आहे, पण त्यातला खरमरीतपणा तुझ्यासाठी नाही.

तो निबंध अर्ध्या तासातला नाही. पहिल्या दुपारी मी खरोखर घड्याळ लावून बसले होते. वेळ संपली तेव्हा एक परिच्छेद झाला होता, त्यातही दोन वाक्यं खोडलेली. शाळेला सुट्टी आहे, याखेरीज त्यात काहीही नव्हतं. तो कागद फाडला. मग पुढच्या तीन दुपारी लिहीत होते. शेजारच्या निवृत्त ग्रंथपालबाईंना वाचायला दिला. किल्ल्यांचं वाक्य त्यांनी खालून उचलून वर ठेवलं. मग स्वच्छ नक्कल केली. सर्दी झालीच नव्हती. पाणी प्यायले तेही खोटं. लिहिता लिहिता सुचलं, म्हणून घातलं.

कारणाचं सोंग आणत नाही. भाचीने विचारलं आणि ‘मला नाही जमलं’ म्हणायची लाज वाटली. आता वाटते ती लाज त्याहून मोठी आहे. तुझ्या कागदावर ‘आळस’ लिहिलं आणि तुझ्या जागी बसले तेव्हा माझाही हात तिथेच अडला. ते कळल्यावरसुद्धा मी तुला शिस्तीच्या गोष्टी सांगितल्या. ते पान तू कोरं सोडलं नाहीस, मी सोडायला लावलं.

काल पुन्हा बसले. विषय ग्रंथपालबाईंनी दिला: ‘माझी हरवलेली वस्तू’. वेळ संपताच कागद ओढून घ्या, असं त्यांना बजावलं होतं. त्यांनी घेतला. शेवट व्हायचा राहिला. तो जसाच्या तसा सोबत आहे. तपास आणि गुण दे. दया दाखवलीस तर ओळखेन.

हे पत्र बाईंना दे आणि वर्गात वाचायला सांग. निबंध वाचला गेला, तसं हेही वाचलं गेलं पाहिजे. माझ्याच विद्यार्थिनीपुढे मान खाली जाईल, जाऊ दे.

लोभ मागायची आज हिंमत नाही.

आत्या


दि. ७ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न. वि. वि.

मी तुझ्यावर फार रागावले आहे. हे आधी लिहिल्याशिवाय पुढचं लिहिता येणार नाही. ते पान कोरं सोडून बसले होते तेव्हा मनात काय चाललं होतं, माहीत आहे? की एव्हाना आत्या पाणी पीत असती.

पत्र बाईंना दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, माझ्या बाईंचं असं पत्र वर्गात वाचायला माझी जीभ रेटणार नाही. मी म्हटलं, निबंध वाचताना रेटली होती. त्यांचा चेहरा पडला. मलाही वाईट वाटलं, पण शब्द मागे घेतला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी वाचलं. आधी हशा झाला. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, आत्या तर आपल्यातल्याच निघाल्या. मग एकेक हात वर झाला आणि कळलं, पान कोरं सोडणारी मी एकटी नव्हते.

तुझा निबंध तपासला. पंधरापैकी आठ. सुरुवात लांबली आहे. चष्मा हरवल्याचं वर्णन पुस्तकी आहे. तो शोधून द्यायला घरात दुसरं कुणी नव्हतं, एवढा भाग खरा वाटतो. तिथे तू कुणाला शिकवत नाहीस. शेवट नाही, म्हणून गुण कापले. दया दाखवलेली नाही.

वार्षिक परीक्षेत लिहीन की नाही, ते आज सांगणार नाही. बाबांनी विचारलं, त्यांनाही नाही सांगितलं.

राग उतरायचा आहे. तोवर नमस्कारावर भागव.

खारू


दि. १६ मार्च

ती. आत्यास सा. न. वि. वि.

आज भाषेचा पेपर झाला. बाबा दुकान बंद करून फाटकाशी उभे होते. निबंधाचं विचारायचं नाही असं आईने बजावलं होतं, म्हणून पाणी मिळालं का, पंखा होता का, बाक हलत होता का, असलं काहीबाही विचारत राहिले. शेवटी मीच सांगितलं, लिहिला. त्यावर त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला.

पहिला परिच्छेद खोडावासा वाटत होता. नाही खोडला. तो मला अजून आवडलेला नाही. तिसरा मुद्दा तसाच राहून गेला. तुझा तो तीन दुपारींचा निबंध माझ्यापेक्षा पुष्कळ चांगला आहे. तो खोटा निघाला याचा मला मधूनच आनंद होतो, आणि मग त्या आनंदाची लाज वाटते. आई-बाबांना हे सांगितलं नाही. तुला सांगते, कारण तुला समजेल.

घंटा झाली तेव्हा शेवटचं वाक्य अर्धं होतं. पर्यवेक्षकांनी कागद उचलला. वाक्य पुढे कसं जाणार होतं ते मला पक्कं पाठ आहे, पण लिहून पाठवत नाही. तू ते सुधारशील.

खारू