गाठीपुढची वीत

ता. १४, शुक्रवार
जेवणाची सुट्टी

चिरंजीव डिंक्यास,

दादाचे आशीर्वाद. वरचा ‘चिरंजीव’ नुसता रीत म्हणून लिहिलेला नाही, एवढं ध्यानात ठेव.

मी इकडे बरा आहे. बरा म्हणजे दोन वेळा जेवतो आणि कामावर जातो. आई म्हणाली तू फोन भिंतीवर आपटलास, म्हणून हे पत्र. आपल्याकडचा एक सुतार दोन वाजता सुट्टीवर घरी निघालाय, त्याच्या हाती देतो. माझ्याकडे एक तास आहे आणि माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. चौथीत शाळा सुटल्यावर मी रेघा मारल्या त्या मैदानावरच.

फुटबॉलची स्पर्धा संपून पाच दिवस झाले. सगळ्या देशांचे झेंडे उतरवून आम्ही घड्या करून ठेवले. गवत कापायच्या यंत्रांच्या शेडमध्ये उलट्या बादलीवर बसून लिहितोय. मुकादम समोरच झोपलाय. आठवतं, तुला सांगितलं होतं, मी नवा होतो तेव्हा तो म्हणायचा, “रेष मारतोस की साप सोडतोस रे?” आता म्हणत नाही. आता माझ्याशी काहीच बोलत नाही. का, ते पुढे येईल.

आईचा सोमवारी फोन आला. तू खोलीबाहेर येत नाहीस. हातमोजे कात्रीने कापलेस. कोणीतरी खिडकीवर दगड मारला आणि तू काचा उचलूसुद्धा दिल्या नाहीस. आई म्हणाली, “मी त्याच्या खोलीची आतली कडी काढून घेतलीय.” मी विचारलं, कडी कशाला? तर रडायलाच लागली. मग म्हणाली, तू म्हणालास, मी नसतो तर बरं झालं असतं.

डिंक्या, असं बोलायचं नाही. निदान हे पत्र संपेपर्यंत तरी नाही.

मुद्द्यावर येतो. येतो म्हणता म्हणता मघापासून दोनदा उठून पाणी पिऊन आलो.

उपांत्य सामन्याच्या आदल्या दिवशी तुम्ही सरावाला आलात. दोन वर्षांनी भेटलो आणि पाच मिनिटंच. तू कुंपणावरून उडी मारून आलास, मिठी मारलीस, माझ्या हाताचा चुना तुझ्या जर्सीला लागला. पोरांना ओरडून म्हणालास, “ह्या रेषा माझ्या दादाने मारल्यात! केसाइतकी चूक सापडायची नाही!” तुम्ही गेल्यावर समोरचा संघ आला. त्यांचा तो उंच पोरगा बघितलास ना, दाढी आलेला? सतरा वर्षांचा म्हणे! स्वतःच बाप झालेला असेल! त्याने पेनल्टीच्या ठिपक्यावरून दहा चेंडू मारले. तिसऱ्याला जाळीचा हूक तुटला. तो मीच परत लावला. आणि लावता लावता मनात आलं, उद्या ह्याच्यासमोर माझा भाऊ उभा राहणार.

आमच्याकडे ठिपक्यासाठी दोरी असते. एक टोक गोलरेषेवर धरायचं, दोरी ताणायची, गाठ येईल तिथे ठिपका. अकरा मीटर. रोज मुकादम स्वतः मारतो. सामन्याच्या सकाळी त्याचा गुडघा सुजला होता. म्हणाला, “आज तू मार. हात बसलाय तुझा.”

मी उत्तरेकडच्या गोलासमोर गाठीच्या पुढे माझी एक वीत धरली आणि तिथे ठिपका मारला. जुन्यावर हिरवा रंग फिरवला. वीतभर मागून मारला तर चेंडू तुझ्यापर्यंत यायला तेवढाच वेळ जास्त लागेल, बस, एवढंच डोक्यात होतं. दक्षिणेकडे हिंमत झाली नाही.

लिहिलं एकदाचं.

आणखी एक, तेही आजच. घरामागच्या मोकळ्या जागेत मोठी पोरं तुला चेंडू मारायची, तेव्हा पावलं मोजून ठिपका मीच आखायचो. तू एवढासा होतास. पोरं मारायला आली की मी टाच सरकवून ठिपका मागे घ्यायचो. कोणाला कळलं नाही. तू अडवायचास, चेंडू हाताला चिकटल्यासारखा, म्हणून तुझं नाव डिंक्या पडलं. पण तू मारायचास तेव्हा मात्र माप पुरं. म्हणून तुझ्या डोळ्यात खरं माप बसलं. आणि माझ्या हातात ती खोड.

नव्वद मिनिटं त्या ठिपक्याला कोणी शिवलं नाही. खेळाडू मैदानात येतात त्या बोगद्याच्या तोंडाशी मी चुन्याची गाडी धरून उभा होतो, सुटलो असं म्हणत होतो. मग बरोबरी, मग नाणं उडालं, आणि सगळ्या पेनल्ट्या उत्तरेकडेच. डिंक्या, तू तीन अडवल्यास. त्या दाढीवाल्याचीसुद्धा. मी वेड्यासारखा नाचलो! मुकादमाने कान धरून खाली बसवलं. दोन्हीकडचे दहा-दहा जण मारून झाले, तरी बरोबरीच. शेवटी गोलकीपरांची पाळी. त्यांच्याने गोल मारला. मग तू आलास.

तू चेंडू ठेवलास. ठिपक्याकडे बघितलंस. मग गोलाकडे. मग परत ठिपक्याकडे. मग मान वळवून बोगद्याकडे, माझ्याकडे. मी तेव्हा धावत यायला पाहिजे होतं. मी काय केलं? अंगठा वर केला.

चेंडू आडव्या खांबाच्या खालच्या कडेला लागून बाहेर आला. दोन बोटं खाली असता तर आत होता. वीतभर मागे सरलं की चेंडू दोन बोटं वर जातो का, हे गणित मला येत नाही. पण तुला काहीतरी खटकलं होतं, हे मी बघितलंय. दादाने मारलाय म्हणजे बरोबरच असेल, असं म्हणून तू मारलास.

दुसऱ्या दिवशी पाणी फवारलं आणि हिरवा रंग उतरला. वीतभर अंतरावर दोन ठिपके, डोळ्यांसारखे. तेव्हा तोंड उघडलं असतं तर निदान पुरावा होता. मुकादम लांबूनच म्हणाला, “तिथलं गवत उखडलंय, चौकोन कापून नवा बसव.” मी मुकाट्याने कापला. तो चौकोन कचऱ्याच्या गाडीतून गेला.

आईच्या फोननंतर मंगळवारी स्पर्धेच्या कचेरीत गेलो. खोकी बांधायचं चाललं होतं. तिथल्या बाईंना सगळं सांगितलं. मुकादमाला बोलावलं, टेप लावली. नवा ठिपका, अकरा मीटर, तंतोतंत. बाई म्हणाल्या, “तुझा सख्खा भाऊ ना? समजू शकते मी. पण त्याच ठिपक्यावरून बाकीच्यांनीही मारलेच ना?” मी म्हटलं, बाई, मला पोलिसात द्या. त्यांनी मला कॉफी दिली. गुन्हा कबूल करायला गेलो आणि चांगला भाऊ ठरून परत आलो. आता सांग, कोणत्या भिंतीवर डोकं आपटू?

बाहेर आल्यावर मुकादम एवढंच म्हणाला, “खरं सांग.” मी सांगितलं. त्याने माझ्या खांद्यावरची दोरी काढून घेतली. तेव्हापासून बोलत नाही. म्हणजे ह्या जगात त्या एका माणसाने माझ्यावर विश्वास ठेवलाय. दुसरा तू ठेव. हात जोडतो, दुसरा तू ठेव.

सुतार आलाय, दारात घाई करतोय.

पाकिटात दोऱ्याचा एक तुकडा आहे. माझ्या वितीएवढा कापलाय. तो घे आणि घरामागच्या जागेत जा. लोक बघतील, बघू देत. गोलरेषेपासून अकरा मीटर मोज, तिथून हा दोरा मागे ठेव, आणि दोन्ही जागी उभा राहून बघ. तुला लगेच कळेल. त्या दिवशी तुझा डोळा बरोबर होता. पण त्यासाठी खोलीबाहेर यावं लागेल, डिंक्या. आईला सांगून जा, दार उघडं ठेवून जा.

मग मला शिव्या घाल. आईच्या फोनवरून घाल. शिव्या ऐकू आल्या की मला कळेल तू आहेस. रोज एक ते दोन मी ह्याच बादलीवर बसलेला असेन, फोन हातात धरून.

तुला चुकीच्या जागी उभा करून अंगठा दाखवणारा,
तुझाच
दादा