मेव्हण्याच्या हातचा दोर

प्रिय मेव्हण्या,

हे पत्र तुला पाठवणार नाही, म्हणून खरं लिहितो.

काल कड्यावर झुडपाआडून बघत होतो. तुझी कंपनी दोरावरून कडा उतरायला पर्यटक आणते, त्यांच्या रांगेतली एक बाई दोरावर घाबरली, तर तू वरून म्हणालास, "माझ्याकडे बघत उतरा. मी आहे ना!" माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

बारा वर्षं ते वाक्य फक्त माझ्यासाठी होतं. मी मधासाठी खाली उतरायचो, तू वर दोर धरायचास. आपल्यात दोर बायकोच्या भावानेच धरायचा. सख्खा भाऊ वाटणीपायी एखादवेळी हात सैल सोडेल, पण स्वतःच्या बहिणीला विधवा कोण करेल? आता तू कुणाही सोम्यागोम्याला तसाच जपतोस. त्यांच्या किंचाळण्याने अर्धी मोहोळं उठून गेली, त्याचंही मला एवढं वाटत नाही.

तुझी बहीण तुझा हेल्मेटमधला फोटो घरोघर दाखवते. सुट्टीच्या दिवशी तू माझा दोर धरायला येतोस, असं तिला वाटतं. मीच तसं सांगितलंय.

दोर मी आता जांभळीला बांधतो. झाड इमानी आहे, जागचं हलत नाही. पण खालून हाक मारली, तर ओ देत नाही.

तुझाच,
दाजी