दवाखान्याची उचल

प्रिय चैताली,

चूक सगळी माझीच, असंच म्हणणार तू. पण तू तरी फोनवर नीट सांगितलंस का? नव्या औषधाच्या चाचणीत आईला घेतायत, सही मागतायत, आन वर येण्याजाण्याचं भाडंबी देतायत म्हणालीस. तितंच माझं टाळकं फिरलं. आजारी माणसाला दवाखाना कधी पैसे देतो व्हय? मला वाटलं, ही उचलच. मुकादम आधी उचल देतो, सही घेतो, आधारकार्ड ठेवून घेतो. मग हंगाम संपस्तोवर पाय हलवता येत न्हाय. तीन कामं सोडून पळालेला मी, पण उचल घेतल्यावर ह्या मोरबीच्या फरशीच्या कारखान्यातनं पळता आलं न्हाय. आईच्या छातीतल्या गाठीवर हे प्रयोग करणार, आन तिला नको झालं तरी सुटका न्हाय, असं मनात बसलं. म्हणून तिला माझी शपथ घातली, सही करायची न्हाय.

हितं माझ्या जोडीला बिरप्पा हाय. त्याला सांगितलं तर हसला. म्हणाला, येड्या, डॉक्टर काय मुकादम हाय? त्याला साखरेचा आजार, पुण्यात असल्याच चाचणीत होता. मळमळायला लागलं तसं मधनंच सोडलं. कुणी अडवलं न्हाय; जुनी गोळी त्याच दवाखान्यात चालू राहिली.

तरी माझा जीव राहीना. तू पाठवलेल्या कागदाच्या फोटोवर नंबर होता, तितं फोन लावला. आधी तडकूनच बोललो, माझ्या आईला काय उंदीर समजता? डॉक्टरीणबाई चिडल्या न्हाईत. म्हणाल्या, नेहमीची केमो सगळ्यांनाच मिळणार. वर निम्म्यांना नवं औषध, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. कुणाला कुठली, ते त्यांनाबी ठाऊक नसतं. मी विचारलं, आई बरी होईल का? त्या म्हणाल्या, नवं औषध जास्त गुण देतं का तेच ठाऊक न्हाय, म्हणून तर चाचणी. त्रासबी होऊ शकतो. गोड बोलल्या असत्या तर मी फोनच ठेवला असता.

आई तुझं ऐकणार न्हाय. शपथ मोडली तर पोराला काय होईल, म्हणून ती भितीय. फोनवर मी चढतो, ती रडती, म्हणून लिहितोय. पुढचं एवढं तिच्याशेजारी बसून वाच. आई, मी घातलेली शपथ मीच मागं घेतली. दवाखान्यात दहा तारखेच्या आत सांगायचंय. सही कर न्हायतर करू नको, तुझ्या मनानं कर. फक्त माझ्यापायी न्हाय म्हणू नको.

तुझाच भाऊ,
यशपाल

ता. क. दवाखान्यात आईला रिक्षानंच ने. त्या दिवशी तुझा खाडा पडंल, साडेचारशे रुपये पाठवतोय.