ग्रंथालयात मोठ्याने हसल्याबद्दल

लाखांदूर,
११ नोव्हेंबर १९८६

प्रिय तेजराम,

माझं अक्षर ओळखून पत्र चुलीत टाकायच्या आधी एवढं वाच: तुझ्या घशातली गाठ साधी निघाली हे मला कळलं आणि माझ्या जिवात जीव आला. आता टाकायचं तर टाक. पण तू टाकणार नाहीस. हातात आलेला कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय तुला सोडवत नाही. किराणा बांधून आलेल्या पेपराचा तुकडासुद्धा तू मांडीवर सरळ करून वाचतोस, हे मी नागपूरच्या होस्टेलपासून बघत आलोय. आठ वर्षं आपण एकमेकांशी बोललो नाही म्हणून तुझ्या सवयी मी विसरलो, असं समजू नकोस.

बातमी कशी आली ते सांगतो. काल दुपारी मी आपल्या धान संशोधन केंद्राच्या ग्रंथालयात, खिडकीजवळच्या माझ्या टेबलावर बसलो होतो. समोर अंक उघडा होता, पण वाचत कोण होतं? गाठ काढायला तू नागपूरला गेलास तेव्हापासून मी तिथे नुसता बसतो. शकुंतलावहिनींचा फोन ऑफिसात येणार आणि त्या ललिताबाईंनाच बोलावून घेणार, हे मला ठाऊक होतं. गोमाजी शिपाई निरोप घेऊन आला तशा ललिताबाई चष्मा टेबलावरच टाकून पळाल्या. आपल्या ग्रंथपालबाईंना पळताना मी प्रथमच पाहिलं. त्या परत येईपर्यंत काय काय मनात आलं ते लिहीत नाही. आल्या त्या दारातूनच ओरडल्या, ‘‘साधी निघाली हो, साधी गाठ!’’ आणि मी हसलो. मोठ्याने, खो खो, ‘शांतता राखा’च्या पाटीखाली उभा राहून. आढ्यावरच्या चिमण्या उडाल्या. कोपऱ्यात टिपणं काढणारी नवी पोरं घाबरून बघायला लागली. गोमाजी जवळ आला आणि हळूच म्हणाला, ‘‘साहेब, हासून राहिले का रडून राहिले जी?’’ मी म्हटलं, ‘‘मलेच नाही समजून राहिलं, गोमाजी.’’ ज्या बाईंनी एकदा संचालकांनाही बोलणं बाहेर जाऊन करायला लावलं होतं, त्यांनी मला शब्दानेही टोकलं नाही. उलट चहा मागवला आणि पुस्तकांच्या मधोमध बसून आम्ही तिघांनी तो प्यायला.

आता तुला वाटेल, गोपाळ मरणाच्या भीतीने मवाळ झाला आणि माफी मागायला निघाला. अजिबात नाही. त्या वादात माझं चुकलं असं लिहायला मी बसलेलो नाही. तू तयार केलेलं सात नंबरचं वाण दिसायला देखणं होतं, भात मऊ व्हायचा, उतारा चांगला होता. पण त्याच्यावर गादमाशी बसत होती. लोंबी यायच्या जागी नुसते पोकळ चंदेरी पोंगे येत होते. ते मी पाहिले आणि पाहिलं तेच अहवालात लिहिलं. अठ्ठ्याहत्तरच्या वार्षिक बैठकीत ते वाचून दाखवलं आणि तुझं वाण बाद झालं. किडी बघणं हे माझं कामच होतं. तुझंही म्हणणं निकाल खोटा आहे असं कधीच नव्हतं, हे मला माहीत आहे. बैठक संपल्यावर व्हरांड्यात तू मला गाठलंस आणि म्हणालास, ‘‘काहून बे, माह्या घरी येऊन आधी सांगता नाही आलं तुले? चार लोकांसमोरच आयकवाचं होतं?’’ मी म्हटलं, बैठकीआधी निकाल कोणालाच सांगायचा नाही असा नियम आहे. तू म्हणालास, ‘‘मंग नियमाशीच बोल आतापासून.’’ तेव्हापासून मी नियमाशीच बोलतोय. तो फार कंटाळवाणा सोबती आहे, एवढं मात्र कबूल करतो.

पण खरं सांग, बोलणं सोडूनही आपल्याला एकाच ग्रंथालयात बसावं लागलं, ही किती मोठी गैरसोय झाली! केंद्राच्या शेतात तुझी बांधी वेगळी, माझी वेगळी. गाठ पडायचं कारण नव्हतं. पण वाचायची खोली एकच, तीही जुन्या बियाणे गोदामाची, आणि कटकहून किंवा फिलिपाइन्सहून येणारा धान संशोधनाचा अंकही एकच. तू पंख्याखालचं टेबल धरलंस, मी खिडकीचं. तुला हवा तो खंड माझ्याकडे असला की तू गोमाजीकडे बघायचास, गोमाजी माझ्याकडे, आणि मी खंड मिटून त्याच्या हातात द्यायचो. मला हवा असला की हीच वरात उलटी. बिचाऱ्याने आपल्या दोघांपायी जेवढे खंड वाहिले, तेवढी धानाची पोती त्याने आयुष्यात वाहिली नसतील. दुर्गा घरी म्हणायची, ‘‘तुझं माझं जमेना, तुझ्यावाचून करमेना, असं आहे तुमचं.’’ मी तिला स्वयंपाकाकडे लक्ष दे म्हणायचो. ती आणि वहिनी तर संक्रांतीला, पोळ्याला एकमेकींकडे जातच राहिल्या. त्यांनी आपल्याला विचारलंही नाही.

आणि ती तिकिटं! आज विषय निघालाच आहे तर ते सांगूनच टाकतो. भांडणाला वर्ष झालं असेल. अंक माझ्या आधी तुझ्याकडून फिरून यायचा, कारण तू माझ्याहून सेवेत ज्येष्ठ. एकदा अंक उघडला तर मध्ये तुझ्या रोजच्या एसटीचं तिकीट, सानगडी ते लाखांदूर. नेमकं गादमाशीवरच्या लेखात. मला वाटलं, राहिलं असेल चुकून. पुढच्या अंकात पुन्हा तिकीट, पुन्हा किडींच्याच लेखात, तो लेख तुझ्या काही कामाचा नसताना. मग मीही पवनीच्या आमच्या घरच्या हातमागाच्या सुताचे तुकडे खिशात ठेवायला लागलो आणि वाण पैदाशीवर काही दिसलं की तिथे लाल सूत सोडायला लागलो. ना तू कधी काही दाखवलंस, ना मी. अळीमिळी गुपचिळी. पुस्तकात खुणा राहू द्यायच्या नाहीत अशी ललिताबाईंची शिस्त, पानोपानी झटकून अंक मांडणीवर ठेवणाऱ्या त्या. पण आपले अंक त्यांनी कधी झटकले नाहीत. काल चहा पिताना मी विचारलं तर म्हणाल्या, ‘‘दोन शहाणी माणसं एवढ्यावर तगून होती, ते मी कशाला झटकू?’’

यंदा पावसाळ्यात तुझा आवाज बसला. आधी वाटलं सर्दी. पण पोळा झाला, दसरा झाला तरी तू गोमाजीलाही खुणेनेच खंड मागायचास. खोकायचास तेव्हा मी त्याच ओळीवर थांबायचो. एकदा तर उठून तुझ्या टेबलापर्यंत आलो, पेल्यात पाणी घेऊन. तू मान वर केली नाहीस आणि मी ते पाणी खिडकीतल्या झाडाला घालून आलो. मग तू रजेवर गेल्याचं कळलं. गाठ आहे, काढून तपासायला पाठवणार, हे ललिताबाईंनी मला सांगितलं आणि सांगताना त्या माझ्याकडे बघतही नव्हत्या. त्याच आठवड्यात नवा अंक आला. तू नसल्यामुळे तो थेट माझ्या हातात पडला, तिकिटाशिवाय, कोराच्या कोरा. मी तो पहिल्या पानापासून शेवटापर्यंत चाळला आणि मला एवढी भीती वाटली तेजराम, की मी तो तसाच परत ठेवला. तुझ्यावर रागावायलासुद्धा तू लागतोस. तू नसताना मी कोणावर रागवायचं, हे मला त्या दिवशी सुचेना. मी तुझ्यावर फार जीव लावून बसलोय, आणि हे लिहिताना मला लाज वाटत नाही.

आता हे पत्र कशासाठी ते सांगतो. गुरुवारी तू सानगडीला परततोस असं कळलं. रविवारी सकाळच्या गाडीने मी तुझ्या घरी येतोय. तुझं नवं वाण यंदा माझ्या चाचणीच्या बांधीत होतं, शेजारच्या सगळ्या वाणांवर गादमाशी तुटून पडली होती. निकाल पंचवीस तारखेच्या बैठकीत वाचला जाईल. त्याआधी तो कोणाला सांगायचा नाही हा नियम आजही आहे आणि मी तो रविवारी तुझ्या ओसरीवर बसून मोडणार आहे. पत्रात काही लिहीत नाही, घरी येऊन सांगायचं ते घरी येऊनच सांगेन. फक्त तुझी झोप उडू नये म्हणून कळवतो, की दुर्गा पेढे करून देतेय. घशाला चालतात का, ते वहिनींना डॉक्टरांना विचारून घ्यायला सांग. डॉक्टरांनी तुला महिनाभर तोंडातून शब्द काढायचा नाही असं बजावलंय, हे फार बरं झालं. नाहीतर तू मला दारातूनच हाकललं असतंस. आठ वर्षांचं साचलेलं मी बोलेन आणि तुला मुकाट्याने ऐकावं लागेल. महिना संपला की पहिली शिवी मलाच दे. तोवर दुसऱ्या कोणाशी बोलू नकोस.

तुझाच,
गोपाळ